जुन्या फटफटीचे आवाज

मोटारसायकलीला आपल्याकडे ‘फटफटी’ हें नांव पडलें, तें तिच्या रूपावरून किंवा वेगावरून नव्हे, तर तिच्या आवाजावरून. ज्या लोकांनीं या यंत्राचें बारसें कानानें केलें, त्यांच्याच घरांतून आज जुनी फटफटी घेतली जाते ती मात्र केवळ डोळ्यांनीं. रंग पाहतात, गादी पाहतात, मीटरवरील आंकडा पाहतात आणि भाव ठरवितात. जें इंजिन आपल्या प्रकृतीची हकीकत क्षणोक्षणीं सांगत असतें, त्याकडे कान देण्यास कोणासच सवड नसते. मग गाडी घरीं येते, हळद-कुंकू वाहून होतें, नारळ फुटतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशीं तो आवाज प्रथम ‘ऐकूं येतो’. वास्तविक तो आधींपासूनच होत असतो.

पालघराहून मनोरकडे जाणाऱ्या रस्त्यानें वाघोबाची खिंड ओलांडली म्हणजे सूर्या नदीकांठचें मासवण लागतें. गांवाला आगगाडी नाहीं. स्टेशन गांठावयाचें तर पालघर किंवा बोईसर. तारापुरास अणुवीज केंद्र १९६९ सालीं सुरू झालें, बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत वाढली, आणि पाळीची नोकरी करणाऱ्या तरुणांस रात्रीं-अपरात्रीं जा-ये करणें भाग पडलें. अशा ठिकाणीं दुचाकी ही चैनीची वस्तु राहत नाहीं. समजा, येथील एका एकत्र कुटुंबांतील धाकट्या चिरंजीवांस बोईसरकडे नोकरी लागली, नव्या गाडीइतका पैका जमेना, म्हणून कोणाची तरी वापरलेली शंभर सी.सी.ची गाडी घरीं आली आणि तिच्या इंजिनांतून टकटक ऐकूं येऊं लागली. लागलीच घरांत तीन मतें होतात. आजोबा म्हणतात, ‘अरे, ज्याची त्याला परत करून ये.’ काका म्हणतात, ‘एकदां इंजिन उघडून घे, म्हणजे मनाला घोर नको.’ आणि चिरंजीव म्हणतात, ‘आजोबा, जुन्या गाड्या अशाच वाजतात हो, तुम्ही काळजी करूं नका.’

हीं तिन्ही मतें तो आवाज कशाचा आहे हें न ओळखतांच दिलेलीं आहेत. आणि येथें ओळखण्यास फार महत्त्व आहे. कारण एक टकटक अशी असते कीं, एक स्क्रू अर्धा-पाव फेरा फिरविला म्हणजे ती थांबते. आणि दुसरी अशी असते कीं, तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास भर रस्त्यांत इंजिन जखडून मागलें चाक एकाएकीं थांबूं शकतें. पहिलीसाठीं सारें इंजिन उघडणें म्हणजे पैशाची नासाडी, आणि दुसरीकडे काणाडोळा करणें म्हणजे मुलाच्या जिवाशीं खेळ. म्हणून या महिन्यांत या विषयाचा थोडा विस्तारानें विचार करूं.

आवाजावरून आंतलें दुखणें ताडण्याची विद्या आपणांस नवी नाहीं. ‘योगरत्नाकर’ या वैद्यकग्रंथांत रोग्याची जी अष्टस्थानपरीक्षा सांगितली आहे, तींत नाडी, जिव्हा इत्यादींबरोबर शब्द, म्हणजे आवाज, हेंहि एक स्थान आहे. पाश्चात्य वैद्यकांत लेनेक या फ्रेंच डॉक्टरानें १८१६ सालीं कागदाची गुंडाळी करून तिच्यांतून रोग्याच्या छातींतील ध्वनि ऐकला व त्यांतून पुढें स्टेथॉस्कोप निघाला. गॅरेजांतील अनुभवी मेकॅनिक लांब स्क्रू-ड्रायव्हरचें टोंक इंजिनावर टेकवून त्याची मूठ कानाजवळच्या हाडाला लावतो, तेव्हां तोहि हीच विद्या चालवीत असतो. धातूंतून ध्वनि सरळ कानाशीं येतो आणि वरची टकटक कोणती, खालची घरघर कोणती, याचा निवाडा होतो. घरीं हा प्रयोग करणारांनीं धोतर, पदर, ओढणी व केस फिरत्या भागांपासून दूर ठेवावेत, सायलेन्सरला हात लावूं नये, आणि गाडी बंद खोलींत किंवा दार लावलेल्या पडवींत कधींहि चालू ठेवूं नये. तिच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाहीं, वासहि नाहीं. मनुष्य बेशुद्ध होईपर्यंत त्याचा पत्ता लागत नाहीं.

आतां इंजिनाची घडण थोडक्यांत. सिलिंडरांत दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वर-खालीं होतो; कनेक्टिंग रॉड त्याची ही चाल खालच्या क्रँककडे नेऊन तिचें फिरण्यांत रूपांतर करतो. चार-स्ट्रोक इंजिनांत हवा-पेट्रोल आंत घेणें, दाबणें, जाळणें आणि धूर बाहेर टाकणें हीं चार कामें दट्ट्याच्या चार खेपांत, म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यांत, होतात. वरच्या दोन झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, उघडणारा कॅम त्यामुळें क्रँकच्या निम्म्या वेगानें फिरतो. गाडी जागेवर सावकाश चालत असतांना क्रँकचे मिनिटास सुमारें १४०० फेरे होत असतील, तर कॅमचे ७०० होतात.

हें निम्म्याचें नातें फार उपयोगी आहे. सायलेन्सरांतून येणारा ‘फट’ हाहि क्रँकच्या दोन फेऱ्यांस एकदांच येतो. म्हणून झडपांच्या बाजूची टकटक सायलेन्सरच्या ठेक्याशीं समेवर चालते, आणि दर फेऱ्यास आपटणारा खालचा आवाज बहुधा त्याच्या दुगुनींत वाजतो. ज्या घरांत संध्याकाळीं तबला किंवा तंबोरा निघतो, त्या घरांतील कानास हा फरक समजावून सांगावा लागत नाहीं. एवढ्या वेगांत मात्रा मोजतां येत नाहींत हें खरें, पण ठेका एकपट आहे कीं दुप्पट, हें थोड्या सवयीनें जाणवूं लागतें.

आवाजाची चौकशी चार प्रश्नांनीं करावी. तो थंड इंजिनांत अधिक कीं तापल्यावर अधिक? वरून येतो, खालून येतो, कीं इंजिनाच्या बाहेरून? सायलेन्सरच्या ठेक्यावर आहे कीं दुगुनींत? आणि गाडी चढावर ओझें ओढीत असतांना वाढतो कीं मोकळ्या धांवेंत? या चार उत्तरांवाचून कोणी निदान सांगूं लागला, तर त्यास घाई झाली आहे असें समजावें.

सर्वांत आधीं इंजिनावरील खोटा आळ दूर करावा. इंजिनाच्या नांवावर खपणारे कित्येक आवाज इंजिनाचे नसतातच. नंबरप्लेट, चेनकव्हर, सायलेन्सरचा पत्रा, सैल झालेला एखादा बोल्ट, यांपैकीं कांहींहि खडखडतें. मोकळ्या सपाट रस्त्यावर गाडी धांवतांना क्लच दाबून गिअर न्यूट्रलला आणावा. इंजिनाचा वेग उतरूनहि आवाज चाकाच्याच गतीनें चालू राहिला, तर तो चेनचा, ब्रेकचा किंवा चाकाच्या बेअरिंगचा आहे. या प्रयोगांत चालत्या गाडीची किल्ली मात्र फिरवूं नये. नंतर गाडी मेनस्टँडवर घेऊन इंजिन बंद असतांना मागलें चाक हातानें फिरवावें. चेन साधारणतः दोन-अडीच सेंटिमीटर वर-खालीं हलावी. त्याहून फार सैल असेल तर ती कव्हरवर आपटते, फार ताणलेली असेल तर कण्हते. या भागांत पावसाळ्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि समुद्रहि दूर नाहीं. गाडी एक पावसाळा अंगणांत उभी राहिली असेल, तर चेनची एखादी कडी गंजून आखडलेली असते आणि ती दांतचक्रावरून जातांना ठराविक अंतरानें ‘कट’ असें वाजते.

यानंतर तेल पाहावें. शंभर सी.सी.च्या गाडींत एकंदर तेल एक लिटरच्या आसपास असतें, तेव्हां पाव लिटर कमी झालें तरी ती तूट मोठी ठरते. तेलाची पातळी नुसती पुरी केल्यानें थांबणारे आवाज थोडे नाहींत. तेल ताकासारखें पांढुरकें दिसलें तर आंत पाणी गेलें आहे. गाडी पुरांत बुडालेली असण्याचा संशय घ्यावा. तेल बदलतांना काढलेलें तेल पांढऱ्या फडक्यांतून गाळून घ्यावें आणि उरलेल्या गाळावरून लोहचुंबक फिरवावा. चुंबकास चिकटणारी बारीक धूळ थोडीफार असावयाचीच. पण चकचकीत कपच्या आढळल्या तर त्या गिअरच्या, बेअरिंगच्या किंवा क्रँकच्या झिजेची साक्ष देतात. चुंबकास न चिकटणारी चंदेरी चकाकी बहुधा ॲल्युमिनियमची, म्हणजे दट्ट्याच्या किंवा इंजिनाच्या पेटीच्या बाजूची असते.

आतां मुख्य आवाज. वरच्या डोक्यांतून, शिवणयंत्रासारखी, हलकी, सायलेन्सरच्या ठेक्याबरोबर चालणारी टिकटिक ही टॅपेटची. झडप आणि तिला दाबणारा भाग यांच्यांत मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास फट ठेवावी लागते. नेमकें माप गाडीच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें. ही फट वाढली कीं टिकटिक वाढते. ती इंजिन थंड असतांना पातळ पोलादी पट्टीनें मोजून स्क्रूनें जुळवितात. इंजिन उघडण्याचें कांहीं कारण नसतें. येथें एक गोष्ट प्रत्येक घरानें ध्यानांत ठेवावी. थोडी टिकटिक हें आरोग्याचें लक्षण आहे. गिऱ्हाइकास शांत इंजिन आवडतें म्हणून टॅपेट गच्च आवळून देणारे लोक असतात. आवाज थांबतो खरा, परंतु मग तापल्यावर झडप पुरती मिटत नाहीं, जळता वायु तिच्या कडेनें निसटतो आणि धुराची झडप जळून जाते. असल्या शांततेचें मोल मागाहून भरावें लागतें.

हुबेहूब टॅपेटसारखी फुसफुसती टिकटिक सायलेन्सरच्या वाकाजवळचें पॅकिंग फुटल्यानेंहि येते. तेथें काळी काजळी उमटलेली असते. ही ओळखतां आली तर एका पॅकिंगच्या किंमतींत काम भागतें.

सिलिंडरच्या एका बाजूनें येणारी, साखळी डब्यांत हलवावी तशी खळखळ ही टायमिंग चेनची. क्रँकची गति कॅमकडे नेणारी ही साखळी कालांतरानें लांबते, किंवा तिला ताणून धरणारा ॲडजस्टर दमतो. जागेवर चालतांना आणि ॲक्सिलरेटर सोडतांना ती विशेष ऐकूं येते. हें काम महिनोन्‌महिने लांबणीवर टाकूं नये; साखळी दांतावरून उडाली तर झडपा भलत्या वेळीं उघडतात आणि कित्येक इंजिनांत त्या दट्ट्यावर आपटून वांकतात.

सकाळीं पहिल्या किकला पोकळ, बोथट ठकठक व्हावी आणि पांच-सात मिनिटांनीं इंजिन तापल्यावर ती कमी व्हावी, तर दट्ट्या सिलिंडरांत सैल झाला आहे. ॲल्युमिनियमचा दट्ट्या तापल्यावर बिडापेक्षां जवळजवळ दुप्पट प्रमाणांत फुगतो, म्हणून फट भरून येते आणि आवाज दबतो. सायलेन्सरांतून निळसर धूर येत नसेल आणि तेल खर्ची पडत नसेल, तर अशी गाडी पुष्कळ दिवस चालते. धूर निघूं लागल्यावर मात्र गॅरेजांत ज्याला ‘हाफ इंजिन’ म्हणतात तें काम, म्हणजे सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन व रिंगा घालणें, करून घ्यावें.

याच्या नेमका उलट, इंजिन तापल्यावर वाढणारा, पोटांतून येणारा, जड ‘ठक्‌-ठक्‌’ हा सर्वांत वाईट. कनेक्टिंग रॉडचें खालचें बेअरिंग झिजलें कीं तो उमटतो. तापल्यावर तेल पातळ होतें, मधला आधार जातो आणि चढावर तो हातोड्यासारखा वाजतो. हा ऐकूं आला तर ‘आज कामावर जाऊन येतों, रविवारीं पाहूं’ असें म्हणूं नये. गाडी तेथेंच बंद करून टेंपोंतून न्यावी. रॉड तुटला तर इंजिनाची पेटीच फुटते. इंजिन जखडून मागलें चाक थांबलें तर त्या क्षणीं क्लच दाबून धरावा, म्हणजे चाक मोकळें होऊन गाडी कडेला घेतां येते. घरांतील जो कोणी गाडी चालवितो, त्याला ही गोष्ट पाठ असलीच पाहिजे. घरघर किंवा गुणगुण असा सलग आवाज वेगाबरोबर चढत जाऊन पायांखालीं फूटरेस्टमध्यें जाणवत असेल, तर क्रँकचीं बेअरिंगें तपासावींत. क्लच दाबतांच आवाज नाहींसा होत असेल किंवा बदलत असेल, तर शोध क्लच व गिअरकडे वळवावा.

एक आवाज मोडतोडीचा नसून चुकीच्या वागणुकीचाहि असतो. चढावर वरच्या गिअरमध्यें ॲक्सिलरेटर पिळला असतां कढईंत फुटाणे तडतडावेत तशी तडतड होते. मिश्रण वेळेआधीं किंवा भलत्या रीतीनें पेटल्याची ती खूण होय. खालचा गिअर टाकतांच ती थांबली तर चालविण्याची संवय सुधारावी. तरीहि राहिली तर आंत साठलेला कार्बन आणि ठिणगीची वेळ तपासून घ्यावी. मासवणकरांस यासाठीं वाघोबाची खिंड जवळच आहे. गाडी विकत घेण्यापूर्वीं तिला एकदां त्या चढानें नेऊन आणावें. सपाटीवर गोड बोलणारें इंजिन ओझें पडल्यावर खरें बोलतें.

जुन्या येझ्दी, जावा किंवा राजदूत गाड्यांविषयीं थोडेंसें निराळें आहे. म्हैसूरच्या कारखान्यांतून १९६१ पासून निघालेल्या जावा व मागाहूनच्या येझ्दी गाड्यांचीं इंजिनें दोन-स्ट्रोक होतीं. त्यांत झडपाहि नाहींत आणि टॅपेटहि नाहींत. तेव्हां अशा गाडीची टकटक ऐकून कोणी ‘टॅपेट करून देतों’ म्हणाला, तर त्याच्या हातीं गाडी देऊं नये. दोन-स्ट्रोक इंजिन जागेवर चालतांना मधूनच एखादा ठेका चुकवितें, तो बहुधा त्याचा स्वभाव असतो.

खरेदीच्या वेळीं करावयाची परीक्षा अगदीं सोपी आहे. विकणाराच्या दारीं पोंचतांच प्रथम इंजिनाला हळूच हात लावून पाहावा. तें कोमट असेल, तर थंडपणीं होणारा आवाज आपल्याला ऐकूं येऊं नये म्हणून तें आधींच चालवून ठेविलें असण्याचा संभव आहे. ‘थंड झाल्यावर पुन्हां येतों’ असें नम्रपणें सांगून परतावें. दुसरी युक्ति जाड तेलाची. ठरलेल्यापेक्षां घट्ट तेल ओतलें म्हणजे कित्येक ठकठका आठवडाभर दबतात. म्हणूनच गाडी आणल्यावर तेल बदललें कीं ‘कालपर्यंत बरी होती, तुम्हीच बिघडविली’ असा वाद निघतो. भाव ठरण्यापूर्वींच, विकणाराच्या समक्ष, पुस्तिकेंत सांगितलेलें तेल घालून ऐकण्याची अट घालावी. इंजिनावरील क्रमांक नोंदणीपुस्तकांतील क्रमांकाशीं ताडून पाहावा. कारण इंजिनच बदललेलें असेल तर जुन्या मालकाची सारी हकीकत दुसऱ्याच इंजिनाची ठरते. व्यवहार झाल्यावर मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणें, दोघेहि एकाच राज्यांतले असल्यास, विकणारानें १४ दिवसांत व घेणारानें ३० दिवसांत हस्तांतरणाची वर्दी द्यावयाची असते, तीहि विसरूं नये.

शेवटीं मेकॅनिकशीं वागण्याविषयीं. आपल्या सुशिक्षित घरांत यंत्रकारागिराशीं बोलण्याच्या दोनच तऱ्हा दिसतात. एक, ‘तुला काय कळतें’ अशी. आणि दुसरी, ‘तूं म्हणशील तें कर’ अशी. दोन्हींत त्याचें ज्ञान वायां जातें व आपला पैसाहि. ज्याचे हात तेलानें काळे झाले आहेत, त्याचा कान आपल्यापेक्षां कितीतरी तयार असतो. त्याला हवी असते ती नीट माहिती. त्याच्यापुढें रोगाचें नांव घेऊं नये, लक्षणें सांगावींत : ‘सकाळीं थंड असतांना होतो, दहा मिनिटांनीं जातो, वरच्या बाजूनें येतो, खिंडीच्या चढावर वाढत नाहीं.’ एवढ्यानें त्याचें अर्धें काम होतें. एका वेळीं एकच दुरुस्ती करावयास सांगावी, म्हणजे कशानें गुण आला हें कळतें. काढलेले जुने भाग परत मागावे आणि त्यांवरील झीज त्याच्याकडूनच समजावून घ्यावी. चांगल्या कारागिराला या प्रश्नांचा राग येत नाहीं.

आतां त्या मासवणच्या घराकडे पाहूं. गाडी परत करावी, उघडावी कीं तशीच चालवावी, हा वाद घालण्याआधीं चिरंजीवांनीं एक लहान वही करावी. आठ दिवस सकाळीं गाडी सुरू करतांना आजोबांना अंगणांत खुर्ची टाकून द्यावी आणि त्यांनीं व काकांनींहि ऐकावें. घरांत जिचें शिवणयंत्र चालतें तिला अवश्य बोलवावें, कारण यंत्राची नेहमींची टिकटिक आणि बिघडलेली टिकटिक यांतला भेद तिच्या कानाला रोजचा आहे. वरील चार प्रश्नांचीं उत्तरें तारखेसह लिहावींत, तेलाची पातळी लिहावी, धुराचा रंग लिहावा. तापल्यावर वाढणारा जड ठोका त्यांत आढळला, तर आठ दिवस न थांबतां त्याच दिवशीं गाडी बंद करावी व पैसे परत मागण्याचा किंवा मोठ्या कामाचा विचार सर्वांनीं मिळून करावा. नुसती वरची टिकटिक निघाली, तर टॅपेट जुळवून चिरंजीवांना निर्धास्तपणें पाळीवर जाऊं द्यावें.